झाडाचेच आहे ना? : वनस्पतिजन्य प्रथिनांची औषध होण्यापूर्वीची परीक्षा

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. पहाटे साडेपाचला शेजारच्या गल्लीतील एका काकूंचा फोन आला. "डॉक्टर, हे हाक मारली तरी उठत नाहीत. अंग घामानं चिंब झालंय, काहीतरी भलतंच बोलताहेत." मी पोहोचलो तेव्हा काकांच्या रक्तातील साखर ४२ होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले, पत्नीला ओळखले आणि "चहा झाला का?" असे विचारले. तेव्हा कुठे काकूंना रडू फुटले. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून काकांना एक दिवस रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे लागले.

निघताना ओट्यावरच्या एका बाटलीकडे माझे लक्ष गेले. कारल्याचा अर्क होता. वेष्टनावर ठळक अक्षरांत 'वनस्पतिजन्य इन्सुलिन' असे छापलेले. काकांची ग्लिमेपिराइडची गोळी नित्याप्रमाणे सुरू होती, तीन आठवड्यांपासून दोन वेळा हा अर्कही सुरू होता, आणि आदल्या दिवशी एकादशीचा उपवास घडला होता. या तिघांपैकी दोष कोणाचा किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. बहुधा तिघांनी मिळून ते केले. परंतु काकूंचे एक वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्या म्हणाल्या, "झाडाचंच आहे ना, म्हणून तुम्हाला विचारलं नाही."

वाचकहो, आजचा लेख या एका वाक्यासाठी आहे.

प्रथिन हे केवळ अन्न नव्हे

प्रथिन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डाळ, सोयाबीन, फुटाणे येतात. ते योग्यच आहे. परंतु सजीवांच्या शरीरात प्रथिने ही कामाची हत्यारेही असतात. कोणी कापते, कोणी जोडते, कोणी दार उघडते, कोणी कुलूप लावते. वनस्पती ही हत्यारे आपल्यासाठी घडवीत नाही. कीड, बुरशी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून बी वाचावे, पान वाचावे, यासाठी ती घडवते. ज्या प्रथिनात औषध होण्याइतके बळ असते, त्याच्यात अपाय करण्याचेही बळ असते, ही गोष्ट आपण आरंभीच मान्य केली पाहिजे.

एरंडाचे उदाहरण घ्या. एरंडेल तेल आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी नाक दाबून प्यायले आहे. त्याच एरंडाच्या बीमध्ये रायसिन नावाचे प्रथिन असते. ते पेशीत शिरून तिथला प्रथिने तयार करण्याचा कारखानाच बंद पाडते. १९७८ मध्ये लंडनमध्ये गिओर्गी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाचा खून झाला, तो याच विषाने भरलेली टाचणीच्या माथ्याएवढी गोळी मांडीत रोवून, असा निष्कर्ष तपासात निघाला. मग एरंडेलाने आपल्याला काही कसे झाले नाही? कारण रायसिन तेलात विरघळत नाही. ते चोथ्यात मागे राहते, आणि उष्णतेने निकामी होते. बी एकच, पण तेल रेचक आणि प्रथिन विष. सोनार ज्या गुंजेने सोने तोलत, त्या लालचुटुक गुंजेतही अॅब्रिन हे अशाच जातीचे प्रथिन आहे. नातवंडांच्या खेळण्यांत गुंजा असतील, तर त्या आजच उचलून ठेवा. चावून फुटलेली गुंज विशेष घातक असते.

राजम्याची गोष्ट याहून सौम्य, पण घरातली. कच्च्या राजम्यात लेक्टिन वर्गातील एक प्रथिन विपुल असते. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये सहलीला गेलेल्या काही मुलांनी रात्रभर भिजवलेला, परंतु न शिजवलेला राजमा खाल्ला आणि ती उलट्यांनी बेजार झाली. राजमा भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि खळखळ उकळून किंवा कुकरमध्ये पूर्ण शिजवावा, हा आपल्या गृहिणींचा रिवाज म्हणजे सुरक्षिततेची एक परीक्षाच आहे. मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्याने मात्र अपाय होऊ शकतो.

या तिन्ही उदाहरणांवरून एक सूत्र हाती लागते. वनस्पती चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचे ते असे : तिच्यातील कोणते प्रथिन, किती मात्रेत, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या शरीरात? औषधांची सुरक्षा-चाचणी म्हणजे या चार प्रश्नांची चिकाटीने शोधलेली उत्तरे.

पपईच्या चिकाची चाळीस वर्षे

हे उत्तर शोधणे किती अवघड असते, याचा धडा पपईने दिला आहे. कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक येतो. मांस लवकर शिजावे म्हणून त्यात कच्ची पपई घालतात, ती या चिकातील प्रथिने फोडणाऱ्या एन्झाइममुळे. १९५६ मध्ये अमेरिकेतील डॉ. लुईस थॉमस यांनी पपईतील पपेन हे एन्झाइम सशांच्या शिरेत टोचले, तेव्हा सशांचे ताठ कान काही तासांत मऊ पडून लोंबू लागले, आणि काही दिवसांनी पुन्हा ताठ झाले. कानाच्या कूर्चेतील घट्टपणा देणारे द्रव्य एन्झाइमने विरघळवले होते.

हे वाचून लायमन स्मिथ या अस्थिशल्यविशारदांना वाटले, मणक्यांमधील चकती सरकून नस दबते, तिथे याच जातीचे एन्झाइम टोचले तर शस्त्रक्रिया टळेल काय? त्यांनी पपईच्या चिकातील कायमोपपेन वापरून पाहिले आणि रुग्णांवरील अनुभव १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. अनेकांच्या पायातील कळ थांबली. पुढे १९७५ च्या सुमारास एक काटेकोर तुलनात्मक चाचणी झाली, तीत कोणाला खरे औषध आणि कोणाला खोटे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते. त्या चाचणीत औषधाचा फायदा स्पष्ट दिसला नाही आणि ते अमेरिकेत मागे ठेवले गेले. नव्या चाचण्या झाल्या, फायदा दिसला, आणि १९८२ मध्ये तेथील एफडीएने परवानगी दिली.

परवानगीनंतर हजारो लोकांना हे इंजेक्शन मिळू लागले आणि तेव्हाच चाचण्यांत पुरते न उमगलेले चित्र समोर आले. दर शंभर-दोनशे रुग्णांमागे साधारण एकाला तीव्र अॅलर्जीचा झटका येई. रक्तदाब कोसळे, श्वास अडे. स्त्रियांत याचे प्रमाण अधिक होते. काही थोड्या रुग्णांना मज्जारज्जूची इजा होऊन पाय लुळे पडले, काहींना मेंदूभोवती रक्तस्राव झाला. एन्झाइमला चकतीतील द्रव्य आणि शेजारच्या नाजूक रक्तवाहिन्या यांतील फरक कळत नाही. सुई जराशी चुकली तरी ते आपले काम तिथेही करते.

आणि अॅलर्जी कशामुळे? अनेकांच्या शरीराची पपेनशी आधीच ओळख झालेली होती. मांस मऊ करणाऱ्या पुडीतून, बिअर निवळ करण्याच्या प्रक्रियेतून, पपेन वापरलेल्या इतर वस्तूंतून ही ओळख होते. पोटातून झालेली ओळख बहुतेकांना निरुपद्रवी असते. परंतु एखाद्याच्या प्रतिकारशक्तीने ती वैरी म्हणून नोंदवून ठेवलेली असली, तर तेच प्रथिन सुईवाटे आल्यावर शरीर प्रचंड उसळते. पुढे हे इंजेक्शन देण्यापूर्वी अॅलर्जीची तपासणी होऊ लागली, धोका कमी झाला; पण डॉक्टरांचा विश्वास पूर्वीसारखा राहिला नाही. दरम्यान शस्त्रक्रियेची तंत्रेही सुधारली. २००३ मध्ये अमेरिकेत त्याची विक्री थांबली.

ही गोष्ट वाया मात्र गेली नाही. अननसातील प्रथिने फोडणाऱ्या एन्झाइमांपासून भाजलेल्या जखमेवरील मृत त्वचा काढण्याचे एक औषध तयार झाले. युरोपात त्याला २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट बजावलेले असते की, अननस किंवा पपई यांची अॅलर्जी असणाऱ्यास ते देऊ नये.

परीक्षेच्या पायऱ्या

वनस्पतीतील एखादे प्रथिन औषध म्हणून योग्य आहे का, हे ठरवताना साधारण पुढील पायऱ्या चढाव्या लागतात.

पहिली पायरी ओळखीची. पानात, मुळात शेकडो द्रव्ये असतात. त्यांतून नेमके प्रथिन वेगळे करून शुद्ध करावे लागते आणि प्रत्येक खेपेला तेच व तेवढेच मिळते, हे सिद्ध करावे लागते. घरी काढलेल्या रसात ही खात्री नसते.

दुसरी पायरी पचनाची. कृत्रिम जठररसात, म्हणजे आम्ल आणि पेप्सिन यांत, प्रथिन ठेवून ते किती वेळात विरघळते हे पाहतात. लगेच पचणारे प्रथिन तोंडाने घेतल्यास बहुधा साध्या अन्नासारखे वागते. पचनाला दाद न देणारे प्रथिन अधिक संशयास्पद. शेंगदाण्याच्या तीव्र अॅलर्जीस कारण होणारी काही प्रथिने याच प्रकारची आहेत.

तिसरी पायरी अॅलर्जीची. प्रथिनाची रचना आधीपासून ठाऊक असलेल्या अॅलर्जीकारक प्रथिनांशी ताडून पाहतात. साम्य आढळले तर अॅलर्जी असलेल्या लोकांच्या रक्तद्रवाशी त्याची गाठ घालतात. याचे एक बोलके उदाहरण आहे. सोयाबीनचे पोषणमूल्य वाढावे म्हणून त्यात ब्राझील नट या सुक्या मेव्यातील एका प्रथिनाचे जनुक घातले होते. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसले की, त्या मेव्याची अॅलर्जी असणाऱ्यांच्या रक्तद्रवाने या सोयाबीनलाही ओळखले. ते सोयाबीन बाजारात कधीच आले नाही. ज्यांना अपाय झाला असता, त्यांना तो टळल्याचे कधी कळलेही नाही. चांगली चाचणी अशीच निमूट काम करते.

चौथी पायरी प्राण्यांवरील अभ्यासाची. एकदाच मोठी मात्रा आणि दीर्घकाळ लहान मात्रा, असे दोन्ही प्रकारे देऊन यकृत, मूत्रपिंड, रक्त, मज्जासंस्था, गर्भ यांवरील परिणाम पाहतात. जिथे कोणताही अपाय दिसत नाही ती मात्रा शोधून, तिच्याहून बरीच कमी मात्रा माणसासाठी प्रथम निवडतात.

पाचवी पायरी माणसांवरील चाचणीची. आधी मोजक्या लोकांत केवळ सुरक्षितता, मग थोड्या रुग्णांत मात्रा व गुण, आणि शेवटी अधिक रुग्णांत इतर उपचारांशी तुलना. आपल्या देशात यासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, नीतिशास्त्र समितीची मान्यता आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती लागते. २०१९ च्या नियमांत, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूदही आहे. प्रत्येक चाचणी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत आधी नोंदवणे २००९ पासून बंधनकारक आहे आणि ही नोंदवही कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते.

या पायऱ्या गाळल्या तर काय होते, याचेही उदाहरण आहे. पडवळाच्या कुळातील एका चिनी वेलीच्या मुळापासून ट्रायकोसँथिन हे प्रथिन काढतात. १९८९ मध्ये प्रयोगशाळेतील नळीत ते एड्सच्या विषाणूला रोखते, असे प्रसिद्ध झाले. तेव्हा एड्सवर उपाय जवळजवळ नव्हता. हताश रुग्णांनी अधिकृत चाचणीची वाट न पाहता ते मिळवून टोचून घेतले. काहींना संभ्रम झाला, काही बेशुद्ध झाले, मृत्यूही झाले. पुढे रीतसर चाचण्यांतही मज्जासंस्थेवरील दुष्परिणाम दिसले आणि हे औषध मागे पडले. काचेच्या नळीत मेंदू नसतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

सगळ्या पायऱ्या चढून गेलेलेही आहे. गोशे नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक विकारात शरीरात एका एन्झाइमची उणीव असते. त्या मानवी एन्झाइमचे जनुक गाजराच्या पेशींत घालून, त्या पेशी बंदिस्त पिशव्यांत वाढवून ते तयार करण्यात आले. २०१२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. इथेही एक शंका होती. वनस्पतीपेशी प्रथिनाला आपल्या पद्धतीच्या शर्करा जोडतात. त्या मानवी शरीराला परक्या वाटतील काय? म्हणून रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली गेली, आणि अॅलर्जीचा इशारा माहितीपत्रकात आजही आहे. नुसते गाजर खाऊन हे एन्झाइम मिळत नाही, हे सांगायला नकोच.

पुन्हा कारल्याकडे

आता काकांच्या बाटलीकडे वळू. 'वनस्पतिजन्य इन्सुलिन' हा शब्द कुठून आला? १९८१ मध्ये राजस्थानातील संशोधकांनी कारल्यातील एका प्रथिनसदृश द्रव्याचा, 'पॉलिपेप्टाइड-पी'चा, अभ्यास प्रसिद्ध केला. ते दिल्यावर काही रुग्णांची साखर उतरलेली दिसली. जाहिरातींत याचा उल्लेख असतो. पण ते द्रव्य त्वचेखाली टोचले होते, ही गोष्ट जाहिरातीत नसते. प्रथिन पोटात गेले की पचनरस त्याचे तुकडे करतात. याच कारणाने इन्सुलिन शंभर वर्षांनंतरही मुख्यतः टोचूनच घ्यावे लागते. तेव्हा बाटलीतील अर्क प्याल्याने ते 'इन्सुलिन' जसेच्या तसे रक्तात पोहोचेल, असे मानण्यास आधार नाही.

मग काकांची साखर का उतरली? कारल्यात प्रथिनांखेरीज इतरही द्रव्ये आहेत आणि त्यांतील काही साखर थोडीफार उतरवू शकतात. १९७९ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात, मधुमेहाची गोळी घेणाऱ्या एका स्त्रीवर आहारातील कारल्याचा अधिकचा परिणाम झाल्याची नोंद आहे. म्हणजे पंचाईत दुहेरी आहे. औषध म्हणून विसंबून राहावे, इतका परिणाम खात्रीचा नाही. २०१२ मधील कॉक्रेन आढाव्यानेही पुरावा अपुरा असल्याचाच निष्कर्ष काढला. आणि गोळीच्या जोडीला घेतल्यास धोका नाही, असेही म्हणता येत नाही. कारल्याची भाजी अवश्य खावी. भाजीची मात्रा आपल्या ताटाने ठरवली आहे, आटवलेल्या अर्काची कोणी ठरवलेली नाही.

वय वाढल्यावर

ज्येष्ठांच्या बाबतीत सावधगिरी अधिक हवी, याला तीन कारणे आहेत. वयानुसार मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता घटते, त्यामुळे औषधे शरीरात अधिक वेळ रेंगाळतात. रक्तदाब, साखर, हृदय, थायरॉइड अशा चार-सहा गोळ्या आधीच सुरू असतात. तिसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. अनेक चाचण्यांत पंचाहत्तरीपुढील, अनेक आजार असलेले रुग्ण फारसे घेतलेच जात नाहीत. त्यामुळे 'चाचणीत सुरक्षित' याचा अर्थ 'आपल्या सासूबाईंना सुरक्षित' असा लगेच होत नाही.

आकड्यांचाही एक साधा नियम सांगतो. ३०० लोकांना औषध दिले आणि एकालाही गंभीर अपाय झाला नाही, तरी शंभरात एकाला अपाय होण्याची शक्यता त्यातून नाकारता येत नाही. मग शेजारच्या तिघांना 'काही झाले नाही', या अनुभवावर किती भार टाकायचा, ते आपणच ठरवा.

घरी एवढे अवश्य करा

• आपण घेत असलेला प्रत्येक अर्क, चूर्ण, प्रथिनांची पावडर डॉक्टरांना सांगा. बाटलीच दवाखान्यात घेऊन या. आम्ही रागावू, या भीतीने लपवू नका. आणि जे डॉक्टर रागावतात, त्यांनाही माझी विनंती आहे की त्यांनी आधी ऐकून घ्यावे.

• 'शंभर टक्के नैसर्गिक' हे शब्द चाचणीचा निकाल नव्हेत. वेष्टनावरील अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांकही औषधी गुणाचा दाखला नव्हे. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशी सूचना शोधा. ती बहुधा लहान अक्षरांत सापडेल.

• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सुरू असताना कारल्याचा वा अन्य अर्क स्वतःहून घेऊ नका, आणि अर्कावर भरवसा ठेवून चालू औषध बंद तर मुळीच करू नका. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यावी, हे आधी विचारून ठेवा.

• घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसल्यास साखर तपासा. रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून द्या. बेशुद्धाच्या तोंडात काहीही ओतू नका. थेट रुग्णालय गाठा.

• सूज उतरण्यासाठी अननसातील ब्रोमेलेन असलेल्या गोळ्या दिल्या जातात. रक्त पातळ करणारे औषध सुरू असेल किंवा अननस, पपई सोसत नसेल, तर ते आधी सांगा.

• मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांची पावडर विचारल्याशिवाय नको. थायरॉइडची गोळी आणि सोया यांत चार तासांचे अंतर ठेवा.

• कोणत्याही औषधाने अपाय झाल्याचा संशय असेल तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. पपईच्या इंजेक्शनाचे धोके जगाला कळले ते अशाच नोंदींतून.

आपल्या वनौषधींत उद्याची औषधे दडलेली असतील, याविषयी मला शंका नाही. परीक्षेचा आग्रह हा त्यांचा अपमान नव्हे. मुलगी देताना आपण घर पाहतो, चार ठिकाणी चौकशी करतो, तो काही अविश्वास नसतो.

काका आता बरे आहेत. मागच्या आठवड्यात काकू दवाखान्यात आल्या, त्या पिशवीतून एक डबा घेऊनच. कोण्या भाचीने दिलेली सोया प्रथिनांची पावडर होती. डबा टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "झाडाचंच आहे, पण म्हटलं आधी दाखवावं." मी डब्यावरची बारीक अक्षरे वाचू लागलो, आणि काकूंनी आपला चष्मा पुढे केला.